होई आन : एका जुन्या बंदरातून पायी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'होई आन' एवढेच सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, "हे माणसाचे नाव की औषधाचे?" प्रश्न रास्त होता. व्हिएतनाम म्हटले की आपल्याला हो चि मिन्ह आठवतात, अमेरिकेशी झालेले युद्ध आठवते, आणि फार तर हानोई व सायगाव ही दोन नावे आठवतात. त्या लांबट देशाच्या मधोमध, समुद्रापासून थोडे आत, थू बोन नावाच्या नदीच्या मुखाशी एक लहानसे गाव आहे आणि एके काळी जपानपासून पोर्तुगालपर्यंतच्या दर्यावर्दींना ते ठाऊक होते, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात नसते. ते गाव होई आन. जुन्या युरोपीय नकाशांवर त्याचे नाव 'फाइफो' असे सापडेल.

आज आपण त्या गावातून पायी जाणार आहोत. पायी म्हटले तरी घाबरण्याचे कारण नाही. जुन्या गावाचे क्षेत्र अवघे तीस हेक्टर, म्हणजे पाऊणशे एकरांच्या आतबाहेर. पश्चिमेच्या टोकापासून पूर्वेच्या टोकापर्यंत कोठे न थांबता चालले तर वीस मिनिटे पुष्कळ झाली. पण न थांबता चालण्यासारखे ते गाव नाही. एवढ्याशा जागेत लाकडी सांगाड्याच्या ११०७ इमारती उभ्या आहेत, अशी नोंद युनेस्कोने केली आहे. १९९९ साली या गावाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आता तर होई आन हे वेगळे शहरही राहिले नाही. १ जुलै २०२५ पासून त्याचा क्वांग नाम प्रांत शेजारच्या दा नांग शहरात विलीन झाला. ज्या दा नांगने दीड शतकापूर्वी या गावाचा व्यापार नेला, त्याच दा नांगचा ते आता एक भाग आहे. इतिहासाला असल्या थट्टा करण्याची खोडच असते.

आपण पश्चिमेकडून शिरू. या बाजूच्या रस्त्याला न्गुयेन थी मिन्ह खाय या क्रांतिकारक बाईंचे नाव आहे. फ्रेंचांनी त्यांना १९४१ साली गोळ्या घातल्या. या रस्त्यावर उजव्या-डाव्या बाजूस जुनी घरे लागतात. त्यांपैकी फुंग हुंग या घरात आपण पाच मिनिटे जाऊ. हे घर १७८० च्या सुमाराचे. ऐंशी खांबांवर उभे आहे, आणि खांब कसले, तर लोहकाष्ठ म्हणतात त्या कठीण लाकडाचे, प्रत्येकाच्या खाली दगडाची बैठक. जिना चढून वर जा आणि पायाखालच्या तक्तपोशीकडे पाहा. तिच्यात एक चौकोनी झडप आहे. ही झडप कशासाठी असेल? आपल्याकडे माळ्यावर धान्य चढविण्यासाठी असते तशीच, पण येथे घाई वेगळी. थू बोनला पूर आला की खालच्या पेढीतला सारा माल त्या झडपेतून वर ओढून घ्यावयाचा, आणि पाणी उतरले की खाली सोडावयाचा. घर बांधणाऱ्याने पूर हा पाहुणा धरूनच घर बांधले आहे. ही झडप लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

येथून चार पावलांवर एक ओहोळ आहे आणि ओहोळावर तो प्रसिद्ध पूल. लांबी जेमतेम अठरा मीटर. व्हिएतनामच्या वीस हजार डोंगांच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. (वीस हजार ऐकून दचकू नका, तेथे तेवढ्यात एक साधा नाश्ता मुश्किलीने होतो.) पूल छपराचा आहे. वर कौले, दोन्ही बाजूंना बसावयास कट्टे, आणि मध्यभागी बाजूला काढलेले एक लहान देऊळ. लोक त्याला 'चुआ काव' म्हणतात, म्हणजे पुलाचे देऊळ. गंमत अशी की चुआ म्हणजे बुद्धमंदिर, आणि या चुआत बुद्ध नाही. आत आहे उत्तर दिशेचा अधिपती देव, जो वाऱ्यापावसाला आणि पुराला आवर घालतो.

पूल जपान्यांनी बांधला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस म्हणा, सतराव्याच्या आरंभी म्हणा. पुलाच्या एका टोकाला कुत्र्यांची जोडी बसली आहे, दुसऱ्या टोकाला माकडांची. कोणी सांगतात की काम माकडाच्या वर्षी सुरू झाले आणि कुत्र्याच्या वर्षी संपले. चिनी पद्धतीच्या पंचांगात वर्षांना अशी जनावरांची नावे असतात, हे आपणांस ठाऊक असेल. दुसरी कथा याहून मोठी आहे आणि तिच्यात आपलाही वाटा आहे. भूमीच्या खाली एक अजस्र जलचर पडून आहे. ते हलले की भूकंप होतो, पूर येतात. त्याचे शेपूट जपानात आहे, पाठ व्हिएतनामात आहे आणि डोके हिंदुस्थानात! त्याला जखडून ठेवण्यासाठी त्याच्या पाठीत नेमक्या मर्मावर तलवार खुपसावी, तसा हा पूल बांधला, म्हणजे तिन्ही देशांत शांतता नांदेल. आपल्या पृथ्वीला शेषाने डोक्यावर तोलली आहे. त्यांची पृथ्वी अशी तीन देशांत पसरलेल्या प्राण्यावर आहे. मला या कथेत भूगर्भशास्त्र दिसत नाही, पण भूगोल मात्र दिसतो. ज्या माणसाने ती रचली त्याच्या डोळ्यांपुढे जपानपासून हिंदुस्थानपर्यंतचा एक सलग समुद्रमार्ग होता आणि आपले गाव त्याच्या मधोमध आहे याची त्याला जाणीव होती.

आता येथे जपानी आले कसे, हे पाहिले पाहिजे. कारण या गावाचे सारे रहस्य त्यात आहे. चीनच्या मिंग बादशहांनी आपल्या प्रजेला जपानशी थेट व्यापार करण्यास मनाई केली होती. जपानला चीनचे रेशीम हवे, चीनला जपानची चांदी हवी, आणि दोघांना एकमेकांच्या बंदरात पाऊल टाकता येत नाही. मग भेटावयाचे कोठे? तिसऱ्याच्या अंगणात. १५५८ साली न्गुयेन होआंग नावाचा सरदार उत्तरेकडील दरबारातील वैरातून जीव वाचवून दक्षिणेकडे आला आणि पुढे या मुलखाचा जवळजवळ स्वतंत्र धनी झाला. त्याला पैसा हवा होता, बंदुका हव्या होत्या. त्याने आणि त्याच्या मुलाने परक्या व्यापाऱ्यांना जागा दिली. जपानकडून लाल शिक्क्याचे परवाने घेतलेली जहाजे येऊ लागली, चीनकडून जंक आल्या, मकाववरून पोर्तुगीज आले, आणि १६३६ ते १६४१ ही पाच वर्षे डचांचीही वखार येथे होती. रेशीम, साखर, मिरी, चंदनाप्रमाणे सुगंधी असलेले अगरू, चिनी मातीची भांडी, तांब्याची नाणी असा हा बाजार.

क्रिस्तोफोरो बोर्री नावाच्या इटालियन जेझुइटाने १६१८ ते १६२२ या काळात येथे राहून वृत्तांत लिहिला. तो १६३१ साली छापला गेला. त्यात तो सांगतो की या एका गावात खरी दोन गावे आहेत, एक चिन्यांचे आणि एक जपान्यांचे. प्रत्येकाचा मुखिया निराळा, प्रत्येकाचा कायदा निराळा. जो तो आपल्या घरच्या रीतीने राहतो. मंडळी, सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात धर्मावरून तीस वर्षांचे युद्ध पेटत होते, हे ध्यानात घेऊन ही नोंद वाचावी.

आणि हे सारे वाऱ्यावर चाले, अगदी शब्दशः. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की चिनी आणि जपानी गलबते खाली येत. उन्हाळा सरता सरता नैऋत्येचा वारा आला की परत जात. मध्यंतरीचे महिने थांबणे भाग. थांबावयाचे तर घर हवे, वखार हवी, स्वयंपाक करणारे कोणी हवे. मग कोणी लग्नही करी. नागासाकीचा व्यापारी अराकी सोतारो याने १६१९ साली न्गुयेन घराण्यातील मुलीशी विवाह केला आणि तिला नागासाकीस नेले. तिच्या आगमनाची मिरवणूक नागासाकीच्या उत्सवात आजही काढतात. सोपारा, चौल, दाभोळ येथे अरबी वाऱ्यांची वाट पाहत बसलेल्या परक्यांची कथा याहून वेगळी नसावी. मोसमी वाऱ्याने माल जेवढा नेला-आणला तेवढीच सोयरीकही जुळविली.

मग १६३५ साली जपानच्या शोगुनने फर्मान काढले की जपानी माणसाने परदेशी जाऊ नये आणि जे गेले आहेत त्यांनी परत येऊ नये. परतल्यास देहान्त. पुलाच्या या बाजूची वस्ती हळूहळू विझली. १६९५ साली इंग्रज कंपनीचा बॉयर नावाचा माणूस आला तेव्हा त्याला नदीकाठचा एक रस्ता दिसला, दुतर्फा शंभरेक घरे, बहुतेक चिन्यांची. जपानी कुटुंबे उरली होती चार-पाच. पूल मात्र राहिला. १७१९ साली न्गुयेन फुक चू हा अधिपती येथे आला, त्याने पुलाला नाव दिले 'लाय विएन किऊ', दुरून येणाऱ्यांचा पूल. दुरून येणारे तोवर बंद झाले होते. पण चांगली नावे बहुधा अशीच, गोष्ट सरल्यावर सुचतात.

फ्रेंच राजवटीत मोटारी जाव्यात म्हणून पुलाची कमान सपाट करण्यात आली होती. ती १९८६ साली पुन्हा पूर्ववत् केली. अलीकडे २०२२ च्या अखेरीपासून २०२४ च्या ऑगस्टपर्यंत पुलाचा मोठा जीर्णोद्धार झाला. आच्छादन काढल्यावर लोकांनी ओरड केली की हा तर नवा कोरा पूल दिसतो, रंग झगझगीत झाले, आमचा शेवाळलेला म्हातारा पूल कोठे गेला? या वादात मी जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. कुजलेले लाकूड बदलले, टिकाऊ ठेवले, आणि रंग दोन पावसाळ्यांत आपोआप उतरेल. शेवाळ हा काही वास्तूचा भाग नव्हे. ज्यांना जुनेपणाचा रंगच हवा असतो त्यांना वास्तूपेक्षा आपले छायाचित्र अधिक प्रिय असते असा माझा संशय आहे.

पूल ओलांडून आपण चान फू रस्त्यावर आलो. फ्रेंच काळात याला जपानी पुलाचा रस्ता म्हणत. आता पावले सावकाश टाका, आणि दुकानांकडे न पाहता दारांच्या वर पाहा. बहुतेक जुन्या दारांच्या चौकटीवर दोन गोल लाकडी चकत्या दिसतील, कोरीव, कधी लाल कापड बांधलेल्या. हे दाराचे डोळे. व्हिएतनामी होड्यांच्या नाळेवर दोन डोळे रंगविलेले असतात, होडीला वाट दिसावी म्हणून. तसेच हे घराचे. आपण घरात शिरतो तेव्हा घर आपल्याला पाहून घेते. भिंती हळदीच्या रंगाच्या, वर एक उलटे एक सुलटे अशी बसविलेली नळीची कौले, त्यांवर गवत माजलेले. घरांचे तोंड अरुंद आणि खोली लांबच लांब. पुढे दुकान, मग उघडा चौक, मग राहती जागा, आणि मागे वखार, तिचे दार नदीवर. जुन्या पुण्यात वा पैठणात वाड्यांतून फिरलेल्या माणसाला चौकाचे हे मर्म सांगावयास नको. उजेड, वारा आणि पागोळ्यांचे पाणी हे तिन्ही तेथून येतात.

याच रस्त्यावर चिन्यांची सभागृहे आहेत. चीनच्या ज्या ज्या प्रांतातून माणसे आली त्यांनी आपापल्या प्रांताचे एकेक उभारले. परमुलखात जातीची धर्मशाळा, देऊळ, पंचायत आणि पेढी हे सारे एकत्र केले की जे होईल ते हे सभागृह. कँटनवाल्यांचे १८८५ चे, चाओचाऊवाल्यांचे १८४५ चे, आणि सर्व चिन्यांचे मिळून एक १७४१ चे. सर्वांत भव्य फुकियेनवाल्यांचे. आत थिएन हाऊ ही समुद्राची देवी. तिचे दोन सेवक बाजूस उभे आहेत. एकाला हजार कोसांवरचे दिसते, दुसऱ्याला हजार कोसांवरचे वाऱ्यावरून ऐकू येते. वादळात सापडलेले गलबत यांना कळते आणि मग देवी धावते. छताला उदबत्त्यांची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात, जळत राहतात कित्येक दिवस, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. मागच्या बाजूस मुलांना जन्माला घालणाऱ्या बारा सुइणी-देवता आहेत. अपत्य हवे असलेली जोडपी तेथे येतात. आपल्या सटवाईचे काम तेथे बाराजणींत वाटलेले आहे एवढाच फरक.

पुढे पूर्वेला हायनानवाल्यांचे सभागृह आहे, १८७५ चे. ते फारसे कोणी पाहत नाही, पण तेथे मला अधिक थांबावेसे वाटते. १८५१ साली हायनान बेटाचे १०८ व्यापारी समुद्रात मारले गेले. राजाच्या आरमारी अधिकाऱ्याने त्यांना चाचे ठरविले आणि कापून काढले. माल लुटणे हाच खरा हेतू, असे पुढे उघडकीस आले, आणि तू दुक बादशहाने अपराध्यांना शासन केले. त्या १०८ जणांची स्मृती म्हणून हे सभागृह. इतर सभागृहांत सुखरूप पोहोचविणाऱ्या देवीची पूजा होते, येथे न पोहोचलेल्यांची.

त्या आधी बाजारासमोर क्वान कोंगचे देऊळ लागते, १६५३ चे. क्वान कोंग हा चिनी इतिहासातला सेनापती, निष्ठेचा आणि दिलेल्या शब्दाचा मूर्तिमंत पुतळा. व्यापारी याच्यापुढे येऊन शपथा घेत, उधारीचे व्यवहार ठरवीत. दस्तऐवजाला शिक्का मारण्यापेक्षा याच्या लाल चेहऱ्यासमोर बोललेला शब्द अधिक पक्का. दरवर्षी येऊन जाणाऱ्या परक्याशी व्यवहार करावयाचा, भाषा निराळी, कायदा निराळा. तेथे असा एखादा साक्षीदार लागतोच.

भाषेचे नाव निघाले, तर या गावापाशी घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तिचा एक धागा आपल्या कोकणपट्टीत येतो. आज आपण होई आनच्या पाट्या वाचू लागलो तर अक्षरे रोमन दिसतात, फक्त वरखाली खुणा फार. ही लिपी आली कोठून? होई आनजवळच्या थान चिएम या ठाण्यात फ्रान्सिस्को द पीना हा पोर्तुगीज जेझुइट राहत असे. तेथील भाषेत ओघाने बोलू शकणारा तो पहिला युरोपीय म्हणतात. एकच 'मा' हा उच्चार, पण सूर बदलला की अर्थ भूत, आई, परंतु, थडगे, घोडा आणि भाताचे रोप असा सहा प्रकारे फिरतो. असले सूर कागदावर उतरवायचे म्हणून पीना व त्याच्या सोबत्यांनी रोमन अक्षरांवर खुणा बसविल्या. १६२४ च्या अखेरीस त्याच्याकडे एक शिष्य आला, आलेक्सांद्र द ऱ्होद. पीना पुढच्याच वर्षी या किनाऱ्यावर बुडून मेला. पण शिष्याने काम पुढे नेले आणि १६५१ साली रोममध्ये अनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन अशा तीन भाषांचा कोश छापला.

हा द ऱ्होद व्हिएतनामला जाण्याआधी कोठे होता? गोव्यात. १६१९ साली तो गोव्यास उतरला आणि दोनएक वर्षे गोवा व साष्टी या भागात राहिला. त्याच १६१९ साली साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स वारले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापून निघाले होते, मराठी ओव्यांत आणि रोमन अक्षरांत! म्हणजे परक्या भाषेला रोमन अक्षरांत बसविण्याचा खटाटोप जेथे चालू होता त्या वातावरणातून हा तरुण पुढे गेला. एकाने दुसऱ्यापासून नेमके काय उचलले हे मी ठरवू इच्छीत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच पंथाचे लोक एकच उद्योग करीत होते, एवढे पुरे. पण फळ किती भिन्न! आपल्याकडे देवनागरी आणि मोडी घट्ट रुजलेल्या होत्या, तेव्हा रोमन मराठी त्या एका ग्रंथाच्या आसपासच राहिली, गोव्यात कोंकणीपुरती टिकली. तेथे चिनी अक्षरे शिकण्यास आयुष्य खर्ची पडे. म्हणून विसाव्या शतकात देशभक्तांनीच ही पाद्र्यांची लिपी उचलली, तिच्यावर साक्षरतेची मोहीम चालविली आणि ती राष्ट्राची लिपी केली. ज्याने धर्मप्रसारासाठी नांगर दिला त्याच्या मनातले पीक त्या शेतात आलेच असे नाही.

बाजारात आता भूक लागली असेल. येथला खास पदार्थ 'काव लाव', जाडसर पिवळट शेवया. सांगतात की त्यांचे पीठ भिजवावयास बा ले नावाच्या एका विशिष्ट विहिरीचेच पाणी लागते आणि समोरच्या चाम बेटावरील झाडांची राख घालून काढलेला खार लागतो. ही विहीर चाम लोकांच्या काळची समजतात. शाकाहारी मंडळींसाठी एक उपयुक्त शब्द सांगून ठेवतो. तेथे 'चाय' म्हणजे चहा नव्हे. चाय म्हणजे शाकाहार. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पुष्कळ व्हिएतनामी लोक 'चाय' पाळतात, तेव्हा तो शब्द उच्चारताच कोणी विचित्र नजरेने पाहत नाही.

चाम लोकांचा उल्लेख आला. होई आनला गेलेला हिंदी प्रवासी दुसऱ्या दिवशी हमखास मी सन येथे जातो. ('मी' म्हणजे सुंदर आणि 'सन' म्हणजे पर्वत, आपल्या 'मी'चा येथे संबंध नाही.) थू बोन नदीच्या वरच्या अंगास डोंगरांच्या कोंडाळ्यात शिवाची विटांची देवळे आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मा राजाने भद्रेश्वराचे लिंग येथे स्थापिले आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे चंपा राज्याचे राजे येथे बांधीत राहिले. शिलालेख संस्कृतात आहेत, पुढे चाम भाषेत. त्यांची राजधानी सिंहपूर नदीकाठीच, आणि बंदर तेच जे पुढे होई आन झाले. १४७१ साली उत्तरेच्या व्हिएतनामी राजाने चंपाचा कणा मोडला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी बाँबफेकीत येथले सर्वांत सुंदर शिखर कोसळले. २०१७ ते २०२२ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याने तेथील तीन समूहांची डागडुजी केली. २०२० साली काम चालू असता नवव्या शतकातील अखंड वालुकाश्माचे शिवलिंग मातीतून वर आले. वर्तमानपत्रांत आपण ते वाचले असेल.

हे ऐकून आपल्या छातीचा घेर वाढतो. वाढू द्यावा, पण थोडाच. एका काळी आपले विद्वान या देशांना 'प्राचीन भारतीय वसाहती' म्हणत. रमेशचंद्र मजुमदारांचा १९२७ चा चंपावरचा ग्रंथ त्या मालिकेतलाच. आज असे कोणी जबाबदारीने म्हणत नाही. आपल्याकडून सैन्य गेले नव्हते. व्यापारी गेले, काही ब्राह्मण गेले, ग्रंथ गेले. आणि चाम राजांनी त्यांतून आपल्याला हवे ते निवडले, आपल्या विटांत आणि आपल्या चेहऱ्यांत घडविले. श्रेय द्यावयाचे तर त्या निवडणाऱ्यांना दिले पाहिजे. तीच गोष्ट, हो चि मिन्ह यांनी शिवछत्रपतींपासून स्फूर्ती घेतली असे जे आपल्याकडे घरोघर सांगितले जाते, तिची. मला तिला कोठेही आधार आढळलेला नाही. शिवाजीमहाराजांना असल्या प्रशस्तिपत्राची गरज आहे असे समजणे हाच खरा त्यांचा अपमान होय.

असो. परतीची वाट दुसऱ्या रस्त्याने, न्गुयेन थाय होक मार्गाने. येथे तान की हे घर आहे, अठराव्या शतकातले. याच्या तुळयांवर व खांबांवर तिन्ही देशांची कारागिरी शेजारी शेजारी नांदते. शिंपल्याच्या तुकड्यांनी जडविलेली चिनी अक्षरे पाहा; जवळ गेलात तर प्रत्येक फटकारा म्हणजे एकेक उडता पक्षी आहे. तेथेच 'कन्फ्यूशियसचा पेला' दाखवितात. काठोकाठ भरू गेले की सारा रिकामा होतो, थोडा अपुरा ठेवला तर पाणी टिकते. आपला वासुदेव प्याला तो हाच. नळीची युक्ती एकच, त्यांनी तिला नीतिपाठ जोडला आणि आपण कृष्णजन्माची कथा.

मला मात्र त्या घरात सर्वांत बोलकी वाटली ती एक भिंत. तिच्यावर पुराच्या खुणा केलेल्या आहेत, वर्षे घालून. १९६४ ची खूण माणसाच्या डोक्याहून वर आहे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर नदी पुन्हा तशीच फुगली. रस्त्यांवरून होड्या फिरल्या, पुलाच्या देवळात पाणी शिरले, आणि अनेक घरांत माणसे माल वर चढविण्यासाठी रात्रभर जागी राहिली. फुंग हुंगच्या घरातील ती झडप आपण पाहिली. अशा रात्रींसाठीच कोणी सुताराने ती अडीचशे वर्षांपूर्वी कापली होती.

गाव इतके जुने राहिले कसे, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर फार गोंडस नाही. गरिबीने राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस तायसन बंडात त्याची धूळधाण झाली. मग नदीच्या मुखात गाळ साचला, मोठी जहाजे येईनात. १८८८ साली फ्रेंचांनी दा नांग आपल्या ताब्यात घेतले आणि व्यापार तिकडे गेला. घर पाडून नवे बांधावे एवढा पैसा कोणापाशी उरला नाही. विसाव्या शतकातील युद्धाचा मोठा तळ दा नांगला पडला आणि येथे फारसे काही झाले नाही. १९८० नंतर काझिमिएश क्वियात्कोव्स्की हा पोलंडचा वास्तुतज्ज्ञ मी सनच्या देवळांसाठी आला. हे दरिद्री गाव पाडून नवे करण्याजोगे नाही, जपण्याजोगे आहे, असे तो कानीकपाळी ओरडत राहिला. १९९७ साली तो व्हिएतनाममध्येच, हुए येथे वारला. चान फू रस्त्यावर त्याचा पुतळा आहे. गावाने परक्या माणसाचा ठेवलेला असा आदर विरळाच.

आता गरिबी गेली आहे, आणि संकटाने पोशाख बदलला आहे. घर दुकानदाराला भाड्याने दिले तर घरबसल्या भरपूर पैसा मिळतो. पुष्कळ घरवाले तसे देऊन बाहेर नव्या वस्तीत राहावयास गेले. त्यांना दोष देणारे आपण कोण? गळके छप्पर आणि दरसालचा पूर आपण सोसलेला नाही. पण ज्या दाराला डोळे आहेत त्या दारातून आत शिरावे, तर आत शिंप्याचे मापाचे पुस्तक, कंदिलांचे ढीग, आणि रात्री कुलूप. देवघर आहे, पण रोज दिवा लावणारे हात दुसरीकडे. तान की किंवा फुंग हुंगसारखी घरे, जेथे पिढ्यान् पिढ्या तेच कुटुंब चहा देत उभे आहे, ती या गावाचा जीव आहेत. सरकार प्रवेशाची तिकिटे विकते आणि त्यांतला पैसा डागडुजीला देते, ठराविक वेळी मोटारी व फटफट्या बंद ठेवते. हे चांगले आहे. घरात माणूस राहील अशी तजवीज मात्र तिकिटाने होत नाही. आपल्या गावांतून वाड्यांचे जे चालले आहे ते पाहता यावर उपाय सुचविण्याचा अधिकार मला नाही. तरी तेथे एक गोष्ट केली आहे. चांद्रमासाच्या चतुर्दशीला रात्री विजेचे दिवे घालवितात आणि कंदील लावतात. १९९८ पासून ही प्रथा चालू आहे. मुळात ती पाहुण्यांसाठी काढली, पण त्या रात्री घरोघर दारात मेज मांडून पूर्वजांना नैवेद्य दाखविणारी म्हातारी माणसे दिसतात. ती पाहुण्यांसाठी बसलेली नसतात.

शेवटचे ठिकाण गावाबाहेर आहे. सायकल मिळते, ती घेऊन भातशेतांतून जावे. बांधाच्या पलीकडे शेताच्या मधोमध एक जपानी थडगे आहे, तानी याजिरोबेई नावाच्या व्यापाऱ्याचे, १६४७ सालचे. गावचे लोक सांगतात ते असे : शोगुनचे फर्मान आले तेव्हा तो मायदेशी निघाला होता, पण त्याचे येथल्या एका मुलीवर प्रेम होते, तो वाटेतूनच फिरला आणि येथेच राहून मेला. थडगे ईशान्येकडे, जपानच्या दिशेने तोंड करून आहे. भोवती भाताची पेरणी-कापणी चालते, त्याच्या कडेने नांगर वळवून नेतात.

कोणाला जावयाचे झाल्यास फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ बरा. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळावा, नदीचे ते दिवस असतात. जुन्या गावात सकाळी सहाला निघावे, दुकाने उघडण्यापूर्वी. त्या वेळी रस्ते झाडीत असतात आणि बाजारात मासळी उतरत असते. आणि चपला काढता येतील अशाच घालाव्या, कारण घरांत आणि देवळांत त्या वारंवार काढाव्या लागतात.